रेकॉर्डचं बटण कुणाच्या हातात होतं?

अलीकडे पेपरांच्या पुरवण्यांमधून आणि मोबाइलवरच्या गप्पांमधून ‘ते व्हीसीआरचे दिवस’ आठवण्याची लाट आली आहे. गल्लीत एकाच घरी टीव्ही कसा होता, गणपतीत भाड्याने व्हिडिओ आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे कसे बघितले, रामायण कॅसेटवर कसं उतरवून ठेवलं होतं, सगळे कसे एकत्र बसायचे! लिहिणारे बहुतेक पुरुष. वाचताना मला दर वेळी प्रश्न पडतो, की रात्री दोनला सगळ्यांसाठी चहा कोण टाकत होतं? आणि पहाटे नळाच्या पाण्याला कोण उठत होतं? त्यांच्या आठवणीत ती बाई कुठेच नसते. ती बहुतेक दाराच्या चौकटीला टेकून उभी असावी, एक कान स्वयंपाकघराकडे ठेवून.

मी उमरखेडची. यवतमाळ जिल्ह्याचं हे दक्षिणेचं टोक. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे मराठवाडा. नांदेड आम्हाला यवतमाळपेक्षा जवळ. बायकांच्या गटाचं काम करत मी इथेच राहिले आणि घराघरांतून हे यंत्र येताना नि जाताना पाहिलं. म्हणून मला या गोड आठवणींबद्दल जरा कडू बोलायचं आहे. टीव्हीवरचा कार्यक्रम घरी रेकॉर्ड करता येऊ लागला, ही नुसती करमणुकीची सोय नव्हती. काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे ठरवण्याची ती सत्ता होती. ती आपल्या हातात आली नाही. त्याची किंमत चळवळ आजही मोजते आहे.

यंत्र आलं ते कुणासाठी?

सोनीचं बेटामॅक्स १९७५ साली आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ साली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं आणि त्याच सुमारास पैसेवाल्यांच्या घरी व्हीसीआर दिसू लागले. या यंत्राचा मोठा गुण म्हणून सांगितला जायचा तो असा, की आता तुम्ही कार्यक्रमाच्या वेळेचे गुलाम नाही. कार्यक्रम केव्हाही लागो, तुम्ही तो तुमच्या सवडीने बघा. अमेरिकेत सिनेमा कंपन्यांनी याविरुद्ध खटला भरला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालाने सांगितलं, की नंतर बघण्यासाठी घरी कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणं बेकायदा नाही.

आता सांगा, वेळेच्या गुलामीतून सुटण्याची गरज घरात सगळ्यांत जास्त कुणाला होती? त्याच वर्षी जुलैत ‘हम लोग’ सुरू झाली आणि मालिकांचं युग आलं. रात्री साडेआठ-नऊची मालिकेची वेळ आणि भाकरी थापायची वेळ एकच. पुढे दुपारच्या मालिका निघाल्या. ‘शांती’ १९९४ ची. त्या बघायला गावातल्या नोकरदाराच्या बायकोला थोडी उसंत मिळाली, पण कापूस वेचणीला गेलेली बाई त्या वेळी शेतातच असायची. म्हणजे दुपारचं हिला नाही आणि रात्रीचं कुणालाच नाही. जिला ‘नंतर बघेन’ म्हणायची सर्वांत जास्त गरज, तिच्यासाठीच हे यंत्र यायला हवं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? एक तर उमरखेडसारख्या गावात भाड्याने फिरत होता तो बहुतेक व्हीसीपी. त्यावर कॅसेट नुसती बघता येते, रेकॉर्ड करता येत नाही. म्हणजे बाहेरून आलेला सिनेमा बघा, पण स्वतःचं काही ठेवू नका. रेकॉर्ड करणारं यंत्र मोजक्या घरी होतं: डॉक्टर, मोठा कास्तकार, एखादा ठेकेदार. वेचणाऱ्या बाईच्या कित्येक हंगामांची मजुरी त्या एका यंत्रात होती. तांड्यावर आणि गावाबाहेरच्या वस्त्यांमध्ये ते पोचायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा ‘आपल्या पिढीच्या आठवणी’ म्हणून जे लिहिलं जातं, ते कोणत्या जातीच्या, कोणत्या वर्गाच्या आणि घरातल्या कोणत्या माणसाच्या आठवणी आहेत, हे आधी विचारावं.

टायमर म्हणजे बाई

ज्या घरी व्हीसीआर होता, तिथे तरी काय होतं? यंत्रात टायमर असायचा. किती वाजता सुरू व्हायचं, किती वाजता थांबायचं हे आधी लावून ठेवायचं आणि निघून जायचं. जपानात हे ठीक. आमच्याकडे लाइट गेली, की यंत्रातलं घड्याळ पुसलं जायचं आणि परत आल्यावर बारा-शून्य-शून्य असं लुकलुकत बसायचं. दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या गावात टायमरचा उपयोग शून्य. मग रेकॉर्डिंग कोण करायचं? घरात असलेली बाई. ‘सव्वाआठला दाब बरं, विसरू नको. दोन्ही बटणं एकदम दाबायची.’ असं बजावून भाऊजी बाहेर पडायचे. पोळ्या टाकता टाकता ती घड्याळ बघायची, पिठाचे हात पुसून येऊन बटण दाबायची आणि पुन्हा तव्याकडे पळायची. जाहिरात लागली की थांबव, संपली की पुन्हा सुरू कर, हेही तिलाच. आणि विसरली तर बोलणी खायची.

हे आमच्याच गावचं आहे असं कुणाला वाटायला नको. इंग्लंडमध्ये अ‍ॅन ग्रे या अभ्यासक बाईंनी यॉर्कशायरमधल्या बायकांशी याच विषयावर बोलून १९९२ साली पुस्तक लिहिलं. त्यांनी बायकांना सांगितलं, की घरातल्या प्रत्येक यंत्राला मनातल्या मनात रंग द्या, बायकांचं असेल तर गुलाबी, पुरुषांचं असेल तर निळा. इस्त्री गुलाबी निघाली, ड्रिल मशीन निळं. व्हीसीआरच्या बाबतीत यंत्राचे भाग पाडावे लागले, आणि त्याचा टायमर मात्र जवळपास सगळ्याच घरी निळा निघाला. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. काही बायका टायमर मुद्दाम शिकल्या नाहीत. शिकलो तर हेही एक काम आपल्याच गळ्यात पडेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लोक याला ‘बायकांना यंत्रातलं काही कळत नाही’ म्हणतात. ज्या बाईला शिलाई मशीनचा बिघडलेला धागा डोळे मिटून लावता येतो, तिला दोन बटणं कळत नव्हती होय?

म्हणजे हात बाईचा आणि हुकूम दुसऱ्याचा. शेतात, रोजगार हमीवर, घरात आपण जे बघतो तेच इथेही. तेव्हा ‘बटण तर बाईच दाबत होती’ असा युक्तिवाद कुणी करू नये.

काय ठेवलं, काय पुसलं

व्हीएचएस कॅसेटची रचना ज्यांनी पाहिली नाही त्या तरुण मैत्रिणींसाठी थोडं सांगते. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक लहानशी पट्टी असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही. तोडली नाही, तर यंत्र आधी जुनं पुसत जातं आणि त्यावर नवं भरत जातं. पुसलेलं परत येत नाही. म्हणजे प्रत्येक घरात कधी ना कधी निर्णय घेतला जायचा, की पट्टी कोणत्या कॅसेटची तोडायची. लग्नाच्या कॅसेटची तोडली जायची. रामायण-महाभारताची काही घरी तोडली जायची. बाईने स्वतःसाठी म्हणून भरून घेतलेल्या कॅसेटची? मी फार कमी पाहिल्या.

आमच्या गटाचंच उदाहरण देते. नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या बायकांनी दारूच्या दुकानाविरुद्ध बरेच दिवस आंदोलन केलं. त्यावर टीव्हीच्या एका कार्यक्रमात दहा-बारा मिनिटांचा भाग दाखवला गेला. त्यात साठेक बायका रस्त्यावर बसलेल्या दिसत होत्या आणि तांड्यावरची एक बाई आधी गोरमाटीत आणि मग मराठीत, नवऱ्याने कापसाच्या पैशाचं काय केलं ते सांगत होती. आम्ही ओळखीच्या एका घरी आधीच सांगून तो भाग रेकॉर्ड करून घेतला. त्या घरच्या वहिनींनी कॅसेटवर निळ्या शाईने नाव-तारीख लिहून चिठ्ठी चिकटवली. दोन-तीनदा आम्हा बायकांना दुपारी बोलावून दाखवलीही. स्वतःला पडद्यावर बोलताना बघून त्या तांड्यावरच्या बाईने पदर तोंडाला लावला आणि मग म्हणाली, ‘मी बरोबर बोलली की!’

मग १९९६ चा क्रिकेटचा विश्वचषक आला. तीन तासांची एक कॅसेट, एका सामन्याला अशा तीन लागतात. घरातल्या कोऱ्या कॅसेट संपल्या. आमची गेली. मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, ‘अहो ताई, ते तुमचं जुनं झालं होतं ना! काय ठेवाचं होतं त्यात?’ वहिनी मागे उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. चिठ्ठी त्यांच्या अक्षरातली तशीच होती, आत मॅच.

हा रुसव्याचा प्रश्न नाही. पुढे दोन वर्षांनी तेच दुकान पुन्हा उघडायची हालचाल झाली. गावच्या बैठकीत चारचौघांनी सांगितलं, की गावातल्या बायकांनी कधी विरोध केलाच नव्हता. बाहेरच्या दोन-चार शिकलेल्या बायांनी चिथावलं होतं. आमच्याकडे निवेदनाची कार्बन प्रत होती. पण अंगठे कुणाचे, ते कुणी आणि कशाला लावले, यावर वाद घालता येतो. रस्त्यावर बसलेल्या साठ बायकांच्या चेहऱ्यांवर वाद घालता आला नसता. मैत्रिणींनो, पुसलं जातं म्हणजे काय होतं ते असं. नुसती आठवण जात नाही, पुरावा जातो.

‘त्या कचऱ्याचं काय करायचं?’

हे मी बोलते तेव्हा चळवळीतल्याच काही मैत्रिणी म्हणतात, ‘टीव्ही म्हणजे सगळा कचरा. सासू-सुनांची भांडणं, मंगळसूत्रं आणि साबणाच्या जाहिराती. ते जपून काय करायचं? ते बंद कसं करायचं ते बघा.’ मला हे पटत नाही, आणि का ते स्पष्ट सांगते.

पहिलं कारण, ज्याच्याशी लढायचं त्याचा पुरावा हातात लागतो. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या पी. सी. जोशी समितीने ऐंशीच्या दशकात बायकांच्या चित्रणावर टीका केली. प्रभा कृष्णन आणि अनिता दिघे यांचं दूरदर्शनवरच्या स्त्री-प्रतिमेचं पुस्तक १९९० साली आलं. असं काम ‘मला असं वाटतं’ म्हणून होत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या कार्यक्रमात, बाई किती वेळ दिसली, काय करताना दिसली, काय बोलली, हे मोजावं लागतं. मोजायचं तर तो कार्यक्रम परत परत बघता आला पाहिजे. जाहिरात एकदा लागून गेली, आपण संतापलो, निषेधाचं पत्र लिहिलं. कंपनी म्हणाली, ‘असं काही आम्ही दाखवलंच नाही.’ मग?

दुसरं कारण, सगळा कचरा नव्हता. १९८५ साली ‘रजनी’त प्रिया तेंडुलकर रेशनच्या नि गॅसच्या भानगडींवर भांडत होती. १९८९ साली कविता चौधरी यांनी ‘उडान’ लिहिली, दिग्दर्शित केली आणि पोलीस अधिकारी झालेल्या मुलीची भूमिका स्वतः केली. तीच कविता चौधरी सर्फच्या जाहिरातीत भाव करणारी ललिताजीही होती. एकाच बाईला, साधारण त्याच वर्षांत, टीव्हीने काय काय केलं हे बघायचं तर मालिका आणि जाहिरात दोन्ही हवीत. मालिका पुन्हा दाखवतात तेव्हा मधल्या जाहिराती आणि बातम्यांचे तुकडे गेलेले असतात. ते सापडतात फक्त घरी भरलेल्या कॅसेटवर. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने ‘उडान’चे काही भाग भरून घेऊन कॅसेटची पट्टी तोडली आणि ती साड्यांच्या कपाटात खाली ठेवली. तिच्या मुली ती बघून मोठ्या झाल्या.

तिसरं, मोठ्या संस्था जपतील या भरवशावर राहू नये. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेने १९६० आणि ७० च्या दशकांतल्या कितीतरी कार्यक्रमांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’ मालिकेच्या हरवलेल्या भागांचे निदान आवाज तरी आज ऐकता येतात, ते प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता म्हणून. आणि मोठ्या संस्था जपतात तेव्हा काय जपतात? २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवलं गेलं. ते त्यांच्याकडे जपलेलं होतं. तालुक्याच्या गावातल्या बायकांचे दहा-बारा मिनिटांचे भाग कुणी जपले असतील, याचा विचार तुम्हीच करा.

एकटीने काय होतं?

अमेरिकेत फिलाडेल्फियाला मॅरियन स्टोक्स नावाची एक कृष्णवर्णीय बाई होती. आधी ग्रंथपाल, नागरी हक्कांच्या चळवळीतली कार्यकर्ती. १९७९ साली इराणमध्ये अमेरिकनांना ओलीस धरलं गेलं, तेव्हा बातम्या रोज बदलत कशा जातात ते बघून तिने टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस रेकॉर्ड करायला सुरुवात केली. डिसेंबर २०१२ मध्ये ती वारली तोपर्यंत ते चालू होतं. सुमारे सत्तर हजार कॅसेट झाल्या. हयातीत लोकांना ते वेड वाटलं. तिच्यानंतर त्या कॅसेट इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या आणि २०१९ साली तिच्यावर माहितीपट निघाला. तिच्याकडे पैसा होता, जागा होती, मदतीला माणसं होती. आपल्याकडे नाही. म्हणून आपल्याला हे एकटीने नाही, गटानेच करावं लागेल.

‘कायद्याचं काय?’ असंही विचारतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमात स्पष्ट आहे, की स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा निव्वळ प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग हे प्रसारण करणाऱ्याच्या हक्काचं उल्लंघन नाही. प्रती काढून विकणं वेगळं, अभ्यासासाठी जपणं वेगळं. हे कलम पाठ करून ठेवा.

आता तर बटणच नाही

आज कुणी म्हणेल, ‘ताई, तुम्ही कुठल्या जमान्यातल्या यंत्राबद्दल भांडता? जगातली शेवटची व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई कंपनीही २०१६ साली थांबली.’ बरोबर. पण त्याच्या जागी काय आलं? डिशच्या डब्यात रेकॉर्डची सोय आली, पण त्यातलं रेकॉर्डिंग त्या डब्याबाहेर नेता येत नाही. मोबाइलवरची मालिका कंपनी ठेवेल तोवर आहे. उद्या काढून टाकली तर तुम्ही भरलेले पैसेही गेले आणि मालिकाही गेली. सगळं कधीही बघता येतं असं वाटतं, आणि आपल्या घरात काहीच नसतं. पूर्वी निदान पट्टी तोडायचा मार्ग होता.

आमच्या जिल्ह्याला हे फार लागतं. २००६ च्या आगेमागे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळ जिल्ह्यात देशभरचे कॅमेरे आले. किती विधवांना दारात बसवून, पदर नीट घ्यायला लावून, ‘काय झालं ते सांगा’ म्हणून बोलतं केलं! ती सगळी बोलणी चॅनेलवाल्यांच्या कपाटात. ती बोललेली बाई स्वतः तो कार्यक्रम कधी बघू शकली का? तिच्याकडे त्याची प्रत आहे का? जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं आणि उद्घाटन केलं राजूरच्या वैशाली येडे यांनी, शेतकऱ्याच्या विधवेने. साऱ्या महाराष्ट्राने ते भाषण टीव्हीवर ऐकलं. ते आज इंटरनेटवर सापडतं. दहा वर्षांनी सापडेल का, हे ठरवणारं बटण आपल्यापैकी कुणाच्याच हातात नाही.

मग करायचं काय?

मला नुसता निषेध नको आहे, काम हवं आहे. आपापल्या गावात कपाटं, माळे, ट्रंका बघा. ऐंशी-नव्वदच्या कॅसेट अजून आहेत, पण बुरशी लागते आहे आणि वर्षागणिक त्यांच्यावरचं चित्र क्षीण होत आहे. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा गटाकडे आणा. चिठ्ठीवर मॅचचं नाव असलं तरी पूर्ण बघा. शेवटच्या पंधरा मिनिटांत जुनं काही उरलेलं असू शकतं. चालू व्हीसीआर तालुक्यात एखादाच असेल. तो दुरुस्त करून सामायिक ठेवा. तीन तासांची कॅसेट संगणकावर उतरवायला तीन तासच लागतात, तेव्हा पाळ्या लावाव्या लागतील. प्रत्येकीवर काय आहे, कोणत्या दिवसाचं आहे, कोण बोलतं आहे, हे वहीत लिहा. प्रती एका ठिकाणी ठेवू नका, निदान दोन गावांत ठेवा.

आणि आजच्या काळासाठी एक नियम करू या. आपल्या बायकांची मुलाखत घ्यायला कुणीही कॅमेरा घेऊन आलं, तर बोलण्याआधी सांगायचं, की पूर्ण रेकॉर्डिंगची एक प्रत त्या बाईला आणि एक गटाला मिळाली पाहिजे. नाही म्हणाले तर आपणही आपला मोबाइल लावून ठेवायचा. बोलणारी आपली, शब्द आपले; मग प्रत मागायला संकोच कसला?

उमरखेडच्या गटाने आजवर अकरा कॅसेट गोळा केल्या आहेत. त्यांतल्या चार पाहून झाल्या. एका लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी बायकांच्या मेळाव्याची सात मिनिटं सापडली. तुमच्या गावात काय सापडतं ते पुढच्या अंकापर्यंत नक्की कळवा.